कडू बदामांची बरणी

बरणीतले कडू बदाम कमी झाले होते. मला कुणी वेड्यात काढायचं कारण नाही. लाल झाकणाच्या खाली दोन बोटं सोडून मी बरणीला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवली होती, आणि बदाम आता पट्टीच्याही खाली गेले होते. माझ्या स्वयंपाकघराच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे आणि एक वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या भावाकडे. कोर्रादो सत्तर वर्षांचा आहे, त्याला जिना उतरायचा म्हणजे अर्धी सकाळ जाते. मग उरली कोण, तर त्याची बायको.

लोक म्हणतात, नेल्ला संशयी आहे. मी संशयी नाही. मला दिसतं आणि इतरांना दिसत नाही, एवढाच काय तो फरक. मासेवाल्याच्या तराजूला खालून चिकटवलेलं शिसं आमच्या अख्ख्या आवोला गावात एकट्या मला दिसलं होतं, आणि नंतर सगळी गल्ली म्हणायला लागली की आम्हाला आधीपासूनच वाटत होतं. त्यांना वाटत असतं तर त्यांनी सहा वर्षं कमी मासे खाल्ले नसते.

भावजय आल्फिया ही मूळची ब्रोन्तेची. ती माणसं पिस्त्यावर वाढलेली, बदामाला नाक मुरडणारी. अठ्ठावीस वर्षं ती औषधांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून पावडरी तोलत होती. पहिला नवरा एक्कावन्नाव्या वर्षी गेला. कसा, तर म्हणे झोपेत. झोपेत गेलेल्यांबद्दल मला नेहमीच जरा जास्त माहिती हवी असते, पण विचारायची सोय नव्हती. माझा भाऊ सहासष्ट वर्षं ब्रह्मचारी राहिला आणि यात्रेच्या बसमध्ये तिच्या शेजारी बसला, तिथे सगळं आटोपलं. त्यांच्या लग्नाला मी आठ पराती बिस्किटं केली आणि करताना रडले. सगळ्यांना वाटलं, बहिणीला किती आनंद झालाय.

त्याला आता चार वर्षं झाली. यंदा ईस्टरनंतर कोर्रादोचं डोकं दुखायला लागलं. मग चक्कर यायला लागली. एका रविवारी तर चर्चच्या पायरीवर मटकन बसला, चेहरा पांढराफटक. वय झालं, सगळे म्हणाले. मी घरी आले आणि फळीवरची बरणी काढून पट्टी पाहिली.

कडू बदाम काय चीज आहे ते आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. गोड बदामाला स्वतःचा असा वास फारसा नसतो, त्यात मोजके कडू पडले की बिस्किटाला बिस्किटपण येतं. पण तेच मूठभर कुणी नुसते चावून खाल्ले तर लहान मूल जातं. बाबांनी शेताच्या कडेच्या त्या एका झाडाला चुन्याचा पट्टा मारून ठेवला होता. आम्ही भावंडं पट्ट्याच्या पलीकडे गेलो की आधी कानाखाली बसायची, मग कारण विचारलं जायचं. आता त्याच झाडाचे बदाम माझ्या बरणीतून चोरीला जात होते आणि माझा भाऊ वर आजारी पडत होता. यापलीकडे काय दिसायला हवं होतं?

पण पुरावा पाहिजे. नुसतं बोलले असते तर सगळे म्हणाले असते, झालं नेल्लाचं सुरू. म्हणून मी तोंड बंद ठेवलं आणि हाताशी होता तो उपाय केला. माझ्या हातची बिस्किटं तो ईस्टरपासून खातच होता, आता डबाच भरून वर नेऊन दिला, आणि संपला की पुन्हा भरून दिला. तिच्या हातचं त्याने कमी खावं आणि माझ्या हातचं जास्त, एवढाच हेतू. निदान दिवसातून सात-आठ घास तरी त्याच्या पोटात बिनघोर जातील.

तिसऱ्या डब्याच्या वेळी वर गेले तर आधीचा डबा टेबलावर नव्हता. शोधला. कपाटावर, घडी घातलेल्या चादरींच्या मागे सापडला. निम्म्याहून जास्त भरलेला.

"हा इथे कुणी ठेवला?"

"मी ठेवला," आल्फिया म्हणाली. "मुंग्या लागतात."

"या घरात माझ्या आईच्या काळापासून मुंगी आली नाही."

"मग माझ्याबरोबर ब्रोन्तेहून आल्या असतील, नेल्लाताई."

तिचं हे असंच. आवाज चढवत नाही, त्यामुळे भांडताही येत नाही. मी डबा कोर्रादोपुढे ठेवला. त्याने एक बिस्कीट उचललं, दुसरं उचललं, आणि खाताना बायकोकडे चोरून पाहत होता. माझा भाऊ स्वतःच्या घरात बायकोला घाबरून बिस्कीट खातो, हे पाहून माझं रक्त उकळलं.

"छान झालीत," तो म्हणाला. "फक्त कडू किंचित कमी आहे."

हे मात्र त्याने सांगायचं असतं, ते त्याचं कामच आहे. एकोणीस वर्षांपूर्वी माझा मुलगा सारो सिराकूझाच्या रस्त्यावर स्कूटरवरून घसरला आणि अकरा दिवस शुद्धीवर आला नाही. बाराव्या दिवशी सकाळी मी संत वेनेरापुढे गुडघे टेकले आणि म्हणाले, माझं पोर परत दे, मी मरेपर्यंत बदाम जिभेला लावणार नाही. आमच्या गावात बदाम सोडणं म्हणजे काय ते आमच्या गावालाच कळेल. त्याच संध्याकाळी सारोने पाणी मागितलं. तेव्हापासून मी बदाम सोलते, दळते, साखरेत मळते, पण तोंडात कण जाऊ देत नाही. बोटाला लागलं तर चाटत नाही, धुते. आणि गोळ्याची चव पाहायला कोर्रादो खाली येतो. लाकडी चमच्यावर लिंबाएवढा गोळा घेतो, डोळे मिटतो आणि सांगतो. आईच्या हातची चव माझ्याइतकीच त्याच्याही तोंडात होती, म्हणून मी कधी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.

आईचं माप एक किलोला एक मूठ कडू. पण गेली तीन वर्षं कोर्रादो डोळे उघडायचा आणि म्हणायचा, "अजून आईचं आलं नाही गं. थोडे कडू टाक." झाडं म्हातारी झाली, बदामात पूर्वीचा दम राहिला नाही, असं मी समजले. एकाच्या दीड मुठी झाल्या, दीडच्या दोन. ईस्टरला तीन झाल्या, तेव्हा कुठे तो म्हणाला, "हां. आता जवळ आलीस." त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मी कुणाला दाखवला नाही.

बाकी गावाच्या जिभेवर माझा भरवसा नव्हताच. पाद्रीबाबा हल्ली बिस्कीट हातात घेऊन "नंतर खातो" म्हणत आणि झग्याच्या खिशात टाकत. घरकाम करणाऱ्या बाईसाठी नेतात, हे मी ओळखलं होतं. समोरची सान्तिना पूर्वी नातवंडांसाठी पिशवीभर मागून न्यायची, ती आता म्हणायची, पोरांचे दात किडलेत. तिला माझ्यासारखी जमत नाहीत, हे खरं कारण. पोटदुखी, दुसरं काय.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी माझ्या नातीची, जिनेव्राची, पहिली कम्युनियन होती, चर्चमधला पहिला प्रसाद घ्यायचा सोहळा. चाळीस मुलं येणार होती, आणि सहा किलो बदामांची बिस्किटं आजीने करायची हे ती जन्मली तेव्हाच ठरलेलं. गुरुवारी गोळा मळायचा, रात्रभर परातीत सुकू द्यायचा, शुक्रवारी भाजायचा. म्हणजे बुधवारी चोर पकडायलाच हवा होता, कारण गुरुवारी मला त्या बरणीतले सगळे बदाम लागणार होते आणि हे तिलाही ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी मी जिन्यात उभी राहून सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी केस करून घ्यायला चालले गं. दुपार होईल." पुढच्या दाराने निघाले, गल्लीला वळसा घालून मागच्या अंगणातून आत आले आणि कोठीच्या पडद्यामागे स्टुलावर बसले. लसणाच्या माळा डोक्याला लागत होत्या. अर्धा तास गेला. माझे गुडघे कुरकुरायला लागले. मग किल्ली फिरल्याचा आवाज आला.

आल्फिया आत आली. हातात कापडी पिशवी. सरळ फळीकडे गेली, आजूबाजूला पाहायचीही तसदी नाही. बरणी काढली, टेबलावर वर्तमानपत्र पसरून सगळे कडू बदाम त्यावर ओतले आणि पिशवीतून दुसरे बदाम काढून बरणीत भरायला लागली. दिसायला तसेच, जरा मोठे. माझी पट्टी बहुतेक तिच्या लक्षात आली होती, कारण भरताना ती बरणी डोळ्यांसमोर धरून पाहत होती.

मी पडदा सारला. माझ्या हातात लाटणं होतं. ते मी कधी उचललं ते आठवत नाही.

"सापडलीस," मी म्हणाले.

ती दचकली, पण बदाम सांडले नाहीत. औषधाच्या दुकानातला हात. "बसा, नेल्लाताई."

"माझ्या घरात मला बसा म्हणू नकोस. किती घातलेस त्याला आतापर्यंत?"

"मी?"

"नाही, मी."

तिने बरणी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "तुम्ही."

मी लाटणं खाली ठेवलं नाही, पण उचललंही नाही.

"तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना विचारलं, काय काय खाता," ती म्हणाली. "मी म्हटलं, बहिणीच्या हातची बिस्किटं, रोज सात-आठ. त्यांनी विचारलं, कडू किती घालतात? मी सांगितलं, किलोला तीन मुठी. त्यांनी चष्मा काढून ठेवला. खरं तर मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. मी जन्मभर तोलून दिलंय. मला त्याआधीच भीती वाटत होती."

"खोटं. तीन मुठी घालायला त्यानेच सांगितलं. त्याच्या जिभेला कळत नाही?"

 आल्फियाने वर, जिन्याकडे पाहिलं. सपाता फरफटत पायऱ्या उतरत होत्या. आम्ही दोघी तशाच उभ्या राहून ऐकत होतो, एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. कोर्रादो दारात आला, टेबलावरचा ढीग पाहिला, बरणी पाहिली, माझ्या हातातलं लाटणं पाहिलं आणि खुर्ची ओढून बसला.

"तिला काही बोलू नकोस," तो म्हणाला. "मी तिला शपथ घातली होती."

"कसली शपथ?"

"मला चव कळत नाही, नेल्ला. वासही येत नाही. त्या साथीच्या हिवाळ्यात ताप आला होता ना, तेव्हा गेलं. वाटलं, येईल परत. आलंच नाही."

तीन वर्षं. मी मनातल्या मनात मागे गेले. ती पहिली अर्धी मूठ, मग दुसरी.

"मग तू चमचा तोंडात घालून करत काय होतास?"

"कडू तेवढं कळतं," तो म्हणाला. "साखर नाही, लिंबू नाही, मध नाही. कडू जिभेला टोचतं, तेवढंच. जितकं जास्त टोचायचं, तितकं मला वाटायचं, आता काहीतरी लागतंय. आता आईचं येतंय."

"मला सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगून काय करणार होतीस? तुला दुसऱ्या कुणाचं खरं वाटत नाही. तू स्वतः चाखून पाहिलं असतंस." तो टेबलाकडे पाहत होता. "आणि सारो रोज त्याच रस्त्याने कामाला जातो."

मी खुर्चीवर बसले. माझ्या नवसाला जपायला म्हणून माझा भाऊ तीन वर्षं खोटं बोलला, आणि मी त्याला रोज डबा भरून दिला. संपला की पुन्हा भरला. तो बायकोसमोर चोरून खात होता ते तिने नको म्हटलं होतं म्हणून, आणि तरी खात होता ते मला वाईट वाटू नये म्हणून. विष घालणारी या घरात होती, ती मला बरोबर वास लागल्यासारखी कळली होती, फक्त आरसा सोडून सगळीकडे पाहिलं.

तरी मी नेल्ला आहे. दोघांच्या बोलण्यावर कशी विसंबणार? मी सारोला फोन लावला.

"खरं सांग," मी म्हणाले. "माझी बिस्किटं कशी लागतात?"

तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"आई," तो म्हणाला, "पोरं थुंकतात गं. दोन वर्षं झाली. तुला कुणी सांगायचं म्हणून आम्ही कचऱ्यात..." मग म्हणाला, "पण वास छान येतो."

मी फोन ठेवला. पाद्रीबाबांचा खिसा आठवला. सान्तिनाच्या नातवंडांचे दात आठवले. सगळ्या गावाने मला सांभाळून घेतलं होतं, आणि मी सगळ्या गावाला चोर ठरवलं होतं. मग ती चाळीस मुलं डोळ्यांसमोर आली, पांढऱ्या झग्यांतली, प्रत्येकाच्या हातात दोन-दोन. सहा किलोंना अठरा मुठी. 

"तू हे कडू गोड बदामांशी बदलले नसतेस तर?" मी आल्फियाला विचारलं.

"बदललेच असते," ती म्हणाली. "किल्ली काढून घेतली असतीत तर खिडकीतून आले असते."

गुरुवारी सकाळी मी बदाम उकळत्या पाण्यातून काढले आणि आम्ही दोघी सोलायला बसलो. तिला जमत नव्हतं. दोन बोटांत धरून सालीतून बदाम सटकवायचा, तर तिचे बदाम टेबलाखाली जाऊन पडायचे. "पिस्ते असे पळत नाहीत," ती म्हणाली. मी तिला एकदाच दाखवलं. मग दळण झालं, साखर, अंड्याचा पांढरा बलक, लिंबाची साल, चमचाभर मध. दर किलोला कडूची एक मूठ, आईच्या मापाने. पहिली मूठ भरून घेतली तेव्हा लक्षात आलं की आईचा हात माझ्यापेक्षा लहान होता. लहानपणी तिची अंगठी माझ्या करंगळीत अडकायची. मी मूठ उघडली, चार बदाम परत कडूच्या ढिगात टाकले, आणि पुढच्या प्रत्येक मुठीचं तसंच केलं.

गोळा झाला. कोर्रादो सवयीने खाली आला होता. सवयीने त्याने चमच्यासाठी हात पुढे केला आणि तो हात तसाच परत मांडीवर ठेवला. माझ्या आयुष्यात इतकं वाईट मला फार थोड्या वेळा वाटलंय.

मी चमच्यावर लिंबाएवढा गोळा घेतला आणि आल्फियापुढे धरला.

तिने डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघतच चावलं, जिभेवर इकडून तिकडे फिरवलं. मी तिचा चेहरा वाचत होते, कुठे काय लपवतेय ते शोधत होते, आणि शोधता शोधता मला कळलं की आता मरेपर्यंत मला या चेहऱ्यावरच भरवसा ठेवायचाय.

"साखर जास्त झालीय," ती म्हणाली.

एकोणीस वर्षांत कोर्रादोखेरीज माझ्या गोळ्याला कुणी नावं ठेवली नव्हती. माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं, चांगलं झणझणीत, ब्रोन्तेच्या सात पिढ्यांपर्यंत पोचेल असं. मी ते गिळलं.

"आणि कडू?" कोर्रादोने विचारलं. "आईचं आलं का?"

आल्फियाने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मला काय ठाऊक," ती म्हणाली. "मी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाही."

 त्याची जीभ गेली होती, माझी मी देऊन टाकली होती, आणि तिसरीने ती चव कधी घेतलीच नव्हती. आईचं आलं की नाही हे सांगणारं आता जगात कुणी उरलं नव्हतं.

मी मूठभर बदाम आणखी दळले, गोड, आणि साखर सावरली. मग पुन्हा चमचा भरला आणि तिच्यापुढे धरला.

"आता सांग," मी म्हणाले. "तुला कसं लागतं ते सांग."